अंगणातील बंब आणि पऱ्हाटीचे सरपण

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण घरांच्या सरपणाचा विचार करताना आजवर स्वयंपाकघरातील चूल हीच प्रामुख्याने डोळ्यांपुढे ठेवण्यात आली. निर्धूर चुलीचा कार्यक्रम तिच्यासाठी आला आणि १ मे २०१६ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजनाही तिच्यासाठीच आली. गॅसची शेगडी घरात पोचली, चहा-भाजी तीवर होऊ लागली. परंतु परसातील एक चूल मात्र विझली नाही. ती आहे आंघोळीचे पाणी तापविण्याची चूल. तीन दगड किंवा तीन विटा, त्यांवर काळाकुट्ट झालेला गंज किंवा डबा, खाली पऱ्हाटीचा जाळ आणि अंगणभर धूर, हे दृश्य दारव्हा-दिग्रसपासून वणी-मारेगावपर्यंत हिवाळ्याच्या कोणत्याही सकाळी दिसते.

या चुलीकडे नियोजनाचे लक्ष फारसे गेले नाही. पाणी तापविणे हे काम किरकोळ मानले जाते. प्रत्यक्षात ते किरकोळ नाही. घरात बाळंतीण असेल, म्हातारे माणूस असेल, शाळेत जाणारी मुले असतील, तर कढत पाण्यावाचून घराचा दिवस सुरूच होत नाही. आणि त्या पाण्यासाठी लागणारे सरपण मिळविण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडेच असते.

एका घराचा हिशेब

पाच माणसांचे एक घर घेऊ. प्रत्येकाला १५ लिटर ऊन पाणी लागते असे धरले तर एकूण ७५ लिटर पाणी होते. हिवाळ्यात पाण्याचे तापमान २२ अंश सेल्सियस असेल आणि आंघोळीला ते ४२ अंशांचे हवे असेल, तर २० अंशांची वाढ घडवून आणावी लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजेच या घराची रोजची गरज १,५०० किलोकॅलरी झाली.

एक किलो वाळलेली पऱ्हाटी जाळल्यावर सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, असे हिशेबासाठी धरण्यास हरकत नाही. ही सर्व उष्णता पाण्यात गेली असती तर अर्धा किलोपेक्षाही कमी सरपणात काम भागले असते. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीत जाळ चारी बाजूंनी वाऱ्यावर जातो आणि उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याच्या पदरात पडतो. त्यामुळे रोज सव्वाचार किलोहून अधिक पऱ्हाटी जाळावी लागते. हीच उष्णता वापरण्याची क्षमता तीस टक्क्यांवर नेता आली तर सुमारे दीड किलोत तेच पाणी तापते. कार्तिक ते माघ असे चार महिने, म्हणजे १२० दिवस धरले, तर एका घरामागे साडेतीनशे किलोंच्या आसपास सरपण वाचते. २० किलोंची एक मोळी मानली तर त्या सतरा मोळ्या होतात.

सतरा मोळ्या म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचे कपाशीचे शेत नाही अशा भूमिहीन कुटुंबातील स्त्रीच्या जंगलाकडील सतरा फेऱ्या. पांढरकवडा आणि राळेगाव तालुक्यांतील गावांना या फेऱ्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या जंगलात ‘टी-१’ ही वाघीण ठार झाली, तोपर्यंत या टापूतील तेरा बळींशी तिचे नाव जोडले गेले होते. त्या काळात रानात एकटे जाण्याचा धसका किती होता हे तेथील ग्रामपंचायत सदस्य चांगले जाणतात. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास वाघांचा वावर आजही आहे.

गॅसवर पाणी का तापवीत नाहीत, असा प्रश्न बाहेरून येणारा अधिकारी हमखास विचारतो. त्याचेही उत्तर हिशेबातच आहे. गॅसच्या एका किलोतून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात आणि शेगडीवर त्यांतील साठ टक्के भांड्यात जातात असे धरले, तर वरील घराला केवळ आंघोळीसाठी रोज पाव किलोच्या जवळपास गॅस लागेल. १४.२ किलोंचे सिलिंडर त्या एकाच कामात दोन महिन्यांत संपेल. पदरचे पैसे मोजून आणलेला गॅस न्हाणीत ओतण्यास कोणतीही गृहिणी तयार होणार नाही, आणि तिचे चूक आहे असे म्हणता येणार नाही. विजेच्या कांडीने तेच पाणी तापविण्यास रोज पावणेदोन ते दोन युनिट वीज लागते. शिवाय ओल्या न्हाणीत उघडी कांडी वापरणे धोक्याचे असते.

बंबाची रचना

शहरी वाड्यांतून तांब्याचा बंब एके काळी घरोघरी होता. पुण्याची तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. ‘बंब’ या शब्दाचे नाते पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी सांगितले जाते, आणि आग विझविणारा तोही बंब व पाणी तापविणारा तोही बंब, ही गंमत मराठीत त्यातूनच आलेली दिसते.

पितळेच्या वा तांब्याच्या या उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळकांडे असते. त्याच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यासाठी व हवा आत येण्यासाठी मोकळी जागा असते. जाळ नळकांड्यात होतो आणि पाणी त्याच्या भोवती असते. उघड्या चुलीत भांडे जाळावर बसते. बंबात मात्र जाळ पाण्याच्या पोटात बसतो. बंबाची सारी काटकसर या एका फरकात आहे. भोवती सगळीकडे पाणीच असल्याने उष्णतेला बाहेर निसटण्यास वाट उरत नाही. तापलेली हवा वर चढताना खालून ताजी हवा ओढून घेते आणि फुंकणी न घालताही जाळ स्वच्छ पेटतो.

तांब्याचा बंब आज महाग पडतो आणि कसबी तांबट प्रत्येक तालुक्यात मिळत नाही. तथापि, हेच तत्त्व लोखंडी पिंपात उतरविता येते. तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे काम करणारा कोणताही कारागीर ते दोन-तीन दिवसांत करू शकतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे लोखंडापेक्षा सरस आहे हे खरे. पण पाणी तापविण्याच्या कामी या गुणाने फारसा फरक पडत नाही. नळकांड्यावर साचलेली काजळी आणि आतून बसलेला क्षारांचा थर यांनीच अधिक उष्णता अडते. लोखंडाचा खरा दोष गंजण्याचा आहे. तळाचा पत्रा जाड घेतला आणि पिंप कोरडे ठेवून न देता नेहमी भरलेले ठेवले तर तो बराच लांबविता येतो.

पिंप निवडताना एक दक्षता अत्यावश्यक आहे. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे रिकामे पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी या कामी वापरू नये. ते कितीही वेळा धुतले तरी विषाचा अंश राहतो आणि तेच पाणी तान्ह्या मुलाच्या अंगावर पडते. तेलाचे किंवा डिझेलचे पिंप असेल तर आतील वाफ पूर्णपणे गेल्याखेरीज त्याला वेल्डिंगची ज्योत लावू नये. अशा पिंपांचे स्फोट होऊन कारागीर दगावतात. धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून काही दिवस ठेवणे आणि छेद घेण्याच्या जागेपर्यंतच पाणी उतरवून काम करणे हा त्यावरील साधा उपाय कारागिराला माहीत असतो. तो करवून घेणे मालकाच्या हाती आहे.

पिंपातून सहा इंच व्यासाची लोखंडी नळी तळापासून माथ्यापर्यंत आरपार जोडावी. माथ्यावर पाणी भरण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवावे. तोटी तळाला न लावता वीतभर वर लावावी, म्हणजे घरातील शेवटच्या माणसाने सगळे पाणी काढून घेतले तरी तळाशी वीतभर पाणी उरते आणि जाळाला कोरडा तळ मिळत नाही. जुन्या तांब्याच्या बंबाचा डाख सुटण्याचे कारण बहुधा हेच असते. सकाळच्या घाईत पाणी संपते, जाळ तसाच राहतो आणि जोड वितळतो.

याहूनही चांगली एक रचना आहे. तीत थंड पाणी नरसाळ्यातून ओतले की ते एका नळीने थेट तळाशी जाते, आणि तितकेच ऊन पाणी वरच्या अंगाला बसविलेल्या नळीतून आपोआप बाहेर पडते. ऊन पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि थंड पाण्यात लगेच मिसळत नाही, या साध्या नियमावर ती चालते. हा बंब कधीच रिकामा होत नाही. वसतिगृहासारख्या ठिकाणी, जेथे तोटी सोडणारे हात पुष्कळ आणि पाणी भरणारा एखादाच, तेथे हीच रचना करावी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शासकीय परिभाषेत ‘बॉयलर’ला बाष्पक म्हणतात आणि त्याची तपासणी बाष्पके संचालनालय करते. अंगणातील बंब हा बाष्पक नव्हे, कारण त्यात वाफ कोंडली जात नाही. परंतु हे त्याचे झाकण सैल असेपर्यंतच खरे. पाणी लवकर तापावे म्हणून झाकण घट्ट आवळणे, त्यावर दगड ठेवणे किंवा भरण्याचे तोंड बंद करून टाकणे म्हणजे घरात विनातपासणीचे बाष्पक उभे करणे होय. कोंडलेली वाफ पिंप फोडते. वाफेला बाहेर पडण्यास एक मोकळी वाट कायम असलीच पाहिजे.

जागा आणि धुराडे

बंब न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला लागून बसवावा आणि तोटी किंवा ऊन पाण्याची नळी भिंतीतून आत घ्यावी. आग बाहेर आणि पाणी आत, हे या मांडणीचे सूत्र आहे. यात सोयीपेक्षा सुरक्षिततेचा भाग मोठा आहे. थंडीच्या दिवसांत बंबच उचलून न्हाणीत ठेवण्याची आणि दार-खिडकी लावून घेण्याची सवय काही घरांत दिसते. जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नसला तरी तो असतो. बंद न्हाणीत तो काही मिनिटांतच माणसाला बेशुद्ध करू शकतो. आंघोळीला गेलेला माणूस बराच वेळ बाहेर आला नाही आणि दार तोडावे लागले, अशा बातम्या शहरांतील गॅस गिझरच्या संदर्भात दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. कारण तेच असते.

बंबाखाली विटांचा फूटभर उंचीचा ओटा असावा, त्यात पुढून सरपणाचे आणि त्याखाली राखेचे तोंड असावे. पिंपाच्या बाहेरील अंगाला माती, शेण व कुटार कालवून तीन-चार बोटे जाड लेप दिला तर तापलेले पाणी उशिरापर्यंत ऊन राहते. नळकांड्याच्या माथ्यावर चार ते सहा इंच व्यासाचे पत्र्याचे धुराडे जोडून ते कवेलूंच्या पाख्यापेक्षा किमान तीन फूट वर न्यावे. पूर्वी निर्धूर चुलींना सिमेंट-ॲसबेस्टॉसच्या नळ्या बसविल्या जात. ॲसबेस्टॉसच्या तंतूंचे फुप्फुसांवरील दुष्परिणाम पाहता आता त्या टाळाव्यात. गोठा, कुटाराचा ढीग आणि पऱ्हाटीची गंजी यांपासून बंब पुरेसा दूर हवा. एक ठिणगी उडाली तर काय होते, हे वैशाखात गंज्या पेटलेली गावे जाणतात.

धुराड्याच्या उंचीचा मुद्दा शेजाऱ्यांच्याही हिताचा आहे. या बाबतीत परदेशातील अनुभव बोलका आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात घरापासून काही अंतरावर लहानशी पत्र्याची खोली उभारून तीत लाकडावर चालणारी मोठी भट्टी ठेवतात. तिच्याभोवती पाण्याचे वेष्टन असते. तापलेले पाणी जमिनीखालील नळ्यांतून घरात खेळविले जाते आणि त्यावर सारे घर ऊबदार राहते. म्हणजे आपल्या बंबाचाच तो मोठा भाऊ. यवतमाळच्या हिवाळ्यात घर तापविण्याची गरज नाही. दुपारी ऊन असतेच. पण त्या भट्ट्यांचा धडा मात्र उपयोगी आहे. घर पुरेसे तापले की तेथील यंत्रणा हवेची झडप बंद करते, लाकूड जळण्याऐवजी धुमसू लागते आणि आखूड धुराड्यातून निघालेला दाट धूर जमिनीलगत पसरतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये कारखानदारांसाठी ऐच्छिक सुधारणा कार्यक्रम आखला आणि २०१५ मध्ये नव्या भट्ट्यांच्या धुरावर कायदेशीर मर्यादा घातली. उष्णता हवी तेव्हा मोठा, मोकळा जाळ करावा, ती पाण्यात साठवावी आणि मग आग संपू द्यावी. आग दडपून तासन् तास धुमसत ठेवू नये, हे त्यातून घ्यावयाचे.

मागील अनुभव

विदर्भाला निर्धूर चूल नवी नाही. शेजारच्या वर्ध्यात मगनवाडी येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून ‘मगन चूल’ पुढे आली. त्यानंतर १९८०च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात त्याच्या तांत्रिक बाजूस डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील संस्थेचाही हातभार लागला आणि ‘लक्ष्मी’ चूल अनेक गावांत पोचली. हा कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. चुली किती बसविल्या याची नोंद काटेकोर होती. धुराडे दर महिन्याला झाडले जाते की नाही, हे पाहण्याची व्यवस्था मात्र नव्हती. काजळीने धुराडे तुंबले की धूर उलटा घरात येई आणि गृहिणी ती चूल फोडून आपली जुनी मांडून घेई. बंबाच्या बाबतीतही असेच घडू शकते. म्हणून धुराड्याचे वरचे टोक काढता येईल असे ठेवावे आणि दोरीला बांधलेली बाभळीची काटेरी फांदी महिन्यातून एकदा त्यातून वरखाली ओढावी. काम दहा मिनिटांचे आहे.

रोजची पद्धत

आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम कधीही बदलू नये. राखेची जागा रिकामी करून जाळीवर मूठभर तुराट्या ठेवाव्यात. तुराटी चटकन पेटते आणि तिचा जाळ धुराड्यात ओढ निर्माण करतो. ओढ लागली की हातभर लांबीचे पऱ्हाटीचे तुकडे थोडेथोडे घालावेत. नळकांडे ठासून भरले की हवा अडते, जाळ मरतो आणि पिवळसर धूर निघू लागतो. तसा धूर दिसला की सरपण जास्त झाले असे समजावे. पाणी तापल्यावर नवे सरपण न घालता निखाऱ्यांवर राहू द्यावे आणि राखेचे तोंड लावून घ्यावे. बाभळीचा एखादा जाड तुकडा शेवटी घातला तर निखारा टिकतो आणि उशिरा उठणाऱ्यांचीही सोय होते.

सरपण कोरडे असणे याला पर्याय नाही. ओल्या लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि ती उष्णता न्हाणीच्या पाण्याला न मिळता धुराड्यातून निघून जाते. वणी परिसरात कोळसा सहज मिळतो म्हणून तो बंबात घालण्याचा मोह होतो. कोळशाचा जाळ पातळ जाळी लवकर खातो आणि त्याचा गंधकयुक्त धूर अंगणात नको असतो. प्लास्टिक, जुने टायर, खताच्या रिकाम्या पिशव्या यांविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वी पूर्ण विझली आहे याची खात्री करावी. तिच्यात पोटॅश असते; थंड राख शेणखतात मिसळणे फायद्याचे. पाणी जड असलेल्या गावांत पिंपाच्या आतून पांढरा थर बसतो. तो वर्षातून एकदा खरवडून काढावा. दिवाळीपूर्वी बंब चिंचेने घासण्याची जुनी रीत आहेच, त्याच वेळी आतूनही पाहणी व्हावी. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा बेताने तोटीला आडोसा करावा. उकळत्या पाण्याने भाजण्याचे प्रकार आगीने भाजण्याइतकेच गंभीर असतात.

पऱ्हाटी आणि बोंडअळी

आता या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळणे भाग आहे. यवतमाळ हा कपाशीचा जिल्हा. वेचणी संपली की चिमट्याने पऱ्हाटी उपटावयाची, पेंढ्या बांधून बांधावर किंवा घरामागे गंजी रचावयाची आणि वर्षभर जाळावयाची, ही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत. हे सरपण फुकटचे, जंगलाला धक्का न लावणारे आणि स्वतःच्या शेतातले. परंतु त्याच गंजीत पुढील हंगामाचे संकट दडलेले असू शकते.

गुलाबी बोंडअळी हंगामाच्या अखेरीस न उमललेल्या, किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत जाते. पऱ्हाटीला अशी बोंडे व नख्या लटकत राहिल्या तर अळी गंजीत सुरक्षित राहते आणि पावसाळ्यात, नवीन कपाशीला पात्या लागण्याच्या सुमारास, तिचे पतंग बाहेर पडतात. २०१७च्या हंगामात या किडीने विदर्भातील कपाशीचे केलेले नुकसान अजून विस्मरणात गेलेले नाही. बीटी वाणांचे या अळीविरुद्धचे संरक्षण ढासळल्यानंतर तिचे जीवनचक्र मध्येच तोडणे हा प्रमुख उपाय उरला आहे. म्हणून कृषी विभाग, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचे सांगणे एकच आहे: फरदड घेऊ नये, पीक वेळेवर संपवावे आणि पऱ्हाट्यांच्या गंज्या शेतात वा शेताच्या बांधावर ठेवू नयेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा सल्ला पाळणे सोपे नाही. पऱ्हाटी शेतातच नष्ट करा म्हटले तर न्हाणीचे पाणी कशावर तापवावयाचे, हा प्रश्न घरातून लगेच येतो. बंबाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. उघड्या चुलीला चार महिन्यांत पाचशे किलोंहून अधिक पऱ्हाटी लागते, बंबाला दोनशे किलोंच्या आत भागते. हेक्टरी दोन-अडीच टन पऱ्हाटी निघत असेल तर घराला लागणारा हिस्सा अगदी थोडा राहतो. तेवढीच पऱ्हाटी घरी आणावी आणि उरलेली यंत्राने बारीक करून जमिनीत गाडावी किंवा कंपोस्ट खड्ड्यात घालावी. शेतातील पऱ्हाटी सरसकट पेटवून देण्याचा मार्ग मात्र टाळावा. त्याने मातीतला सेंद्रिय अंश जळतो.

घरी आणावयाच्या पऱ्हाटीची पेंढी बांधण्यापूर्वी तिची सर्व बोंडे व नख्या शेतातच ताडपत्रीवर झोडपून काढाव्यात आणि त्या वेगळ्या पोत्यात भरून आणाव्यात. बंबात सर्वांत आधी जाळावयाचे ते हेच पोते. ते फेब्रुवारी उलटण्याआधी रिकामे झाले पाहिजे. झोडपलेल्या पऱ्हाटीचे हातभर तुकडे करून ते उन्हात वाळवावेत आणि छपराखाली रचावेत. अखंड गंजीपेक्षा त्यांना जागा कमी लागते, पावसात ते भिजत नाहीत आणि बंबाच्या तोंडात थेट बसतात. जूनपूर्वी जो साठा उरेल तो गावाजवळच्या शेताशेजारी ठेवू नये. जिनिंग कारखान्यांच्या आवारातील सरकीतूनही पतंग निघतात, त्यामुळे सारा दोष घरच्या गंजीवर टाकणे न्यायाचे नाही; तथापि आपल्या हातातील भाग तो हाच.

शाळा आणि वसतिगृहे

पांढरकवडा आणि पुसद या दोन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या क्षेत्रांतील आश्रमशाळांना या विषयात विशेष स्थान आहे. २०० निवासी विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० लिटर ऊन पाणी द्यावयाचे तर रोज २,००० लिटर पाणी २० अंशांनी तापवावे लागते. उघड्या चुलाणावर त्याला ११० किलोंहून अधिक सरपण लागेल, बंबाच्या पद्धतीने चाळीस किलोंच्या आत. जेथे छतावर सौर संच आहे तेथे हा भार पुष्कळच हलका होतो, कारण यवतमाळच्या हिवाळ्यात आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. संचाचा उपयोग होत नाही तो ढगाळ दिवसांत, आणि क्षारांनी नळ्या तुंबल्यावर दुरुस्तीची वाट पाहण्याच्या काळात. अशा दिवसांत मुलांना गार पाण्याने आंघोळ करावी लागते, किंवा ती होतच नाही आणि खरजेसारखे त्वचारोग पसरतात. सौर संचाच्या जोडीला एक मोठा बंब तयार ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे आहे. तो मुलांच्या हाती न देता त्यासाठी एका कर्मचाऱ्याला जबाबदार धरावे, विस्तवाजवळ दोन बादल्या वाळू ठेवावी आणि ऊन पाणी थेट तोटीतून अंगावर न घेता बादलीत गार पाण्याशी मिसळूनच घ्यावे असा नियम करावा.

ग्रामपंचायतीने हा विषय विकास आराखड्यात घ्यावयाचा ठरविल्यास सुरुवात मोजमापाने करता येईल. गावातील पाच घरे निवडावीत. त्यांत शेतकरी, भूमिहीन आणि मोठ्या कुटुंबाचे असे प्रत्येकी किमान एक घर असावे. आठ दिवस प्रत्येक सकाळी सरपण तराजूवर तोलून जुन्या चुलीत जाळावे आणि नोंद ठेवावी. त्यानंतर बंब बसवून पुढचे आठ दिवस तितक्याच पाण्यासाठी तीच नोंद करावी. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम विज्ञानाच्या तासाला सहज होते. थर्मामीटर, तराजू आणि एक वही इतकेच साहित्य लागते. मात्र दोन्ही आठवड्यांत सरपण एकाच गंजीतले आणि सारखेच वाळलेले असले पाहिजे, आणि तोलताना घरातील बाईला तेथे बोलावले पाहिजे, कारण कोणत्या दिवशी पाहुणे होते आणि कोणत्या दिवशी पऱ्हाटी दवाने ओली झाली होती, हे तिलाच ठाऊक असते.